विहिणीची मांजर

रत्नागिरी, ३ सप्टेंबर २०२५

व्याहीबुवा विष्णुपंत यांस दमयंतीचा नमस्कार.

सुखरूप पोचले. तुमची लेक ठीक आहे. अपूर्वाला सध्या सारखी कैरी हवी असते. सप्टेंबरात कैरी कुठून आणायची, म्हणून केदार लोणच्याची बरणी घेऊन बायकोच्या मागे फिरतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी तुम्ही एकटे आणि तुम्हाला पाणीसुद्धा करपवता येतं. तेव्हा सासूच माहेर होऊन इथे आली आहे. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून कुणावर साहेबी करायला मिळाली नव्हती, ती हौसही भागतेय.

आता मुद्द्याचं. गरोदर बाईजवळ मांजर नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं म्हणून माझी बेगम तुमच्या हवाली करावी लागली. पुन्हा सांगते, तिला रोज विंचरायचं, दाराबाहेर सोडायचं नाही आणि ‘शुक शुक’ करायचं नाही. ती अस्सल पर्शियन आहे. तिच्या पाच पिढ्यांच्या नावांचा कागद मी चौकटीत लावून ठेवलाय. तुमच्या-माझ्या घराण्यात पणजोबांपलीकडे कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही, हे ध्यानात असू द्यावं.

इथे शेजारी खानदानी मांजरी पाळणाऱ्या बायकांचं मंडळ आहे. प्रत्येकीने आपल्या मांजरीचं चित्र काढून घेतलंय. एकीची सयामी रत्नदुर्गाच्या बुरुजावर बसलीय, दुसरीची भाट्याच्या वाळूवर. मला विचारतात, “तुमच्या नगरला समुद्र नसेल ना हो?” मी म्हटलं, समुद्र नाही, पण सुलतान होते. तेव्हा व्याहीबुवा, जन्मभर पोरांना चित्रकला शिकवलीत, आता विहिणीची लाज राखा. बेगमला नगरच्या एकेका इमारतीसमोर बसवून चित्रं काढा आणि पोस्टाने पाठवा. तुमचा फोन बटणांचा, त्यातून चित्र येणार नाही, आणि आलं तरी मोबाईलवर चित्र बघणं म्हणजे काचेआडची जिलबी.

दमयंती


अहिल्यानगर, १४ सप्टेंबर २०२५

विहीणबाईंच्या सेवेशी विष्णुपंतांचा नमस्कार.

सोबत पहिलं चित्र पाठवत आहे. ‘फराहबागेत बेगम’. इमारतीचं रेखाटन मी जागेवर जाऊन केलं, बेगमचं घरी. दोन्ही एकत्र नेण्याचा विचार होता, पण रिक्षात बसताच तिने रिक्षावाल्याच्या खांद्यावर उडी घेतली, आणि तो गृहस्थ आम्हाला कोपऱ्यावरच उतरवून निघून गेला.

आपल्या घराण्याबद्दल पूर्ण आदर राखून काही गोष्टी कळवणं भाग आहे. आपल्या बेगमने माझ्या वेताच्या खुर्चीची विणकाम-परीक्षा घेतली आणि ती नापास केली. ब्रश धुवायचं पाणी ती आवडीने पिते. इस्त्रीचा शर्ट दिसला की त्यावर बसते, विटका दिसला की बसत नाही, म्हणजे तिला कळतं. पहाटे माझ्या छातीवर उभी राहून मी जिवंत आहे का ते बघते आणि आहे असं दिसलं की नाराज होते. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात झुडूप दिसतंय ते झुडूप नाही, ओल्या रंगावर पडलेला तिचा पाय आहे. वर दोन फांद्या काढून मी वेळ निभावली.

अपूर्वाला म्हणावं, लोणच्याने पित्त होतं. ती ऐकणार नाही, तरी म्हणावं.

आपला
विष्णुपंत


रत्नागिरी, २२ सप्टेंबर २०२५

व्याहीबुवांस नमस्कार.

चित्र पोचलं. मंडळात फिरवलं. झुडूप सगळ्यांना आवडलं.

बेगम मात्र अशी काय बघतेय? डोळ्यांत खून उतरल्यासारखा. अगदी तिच्यासारखी आलीय. फक्त तिला इतकं जाडं दाखवायचं कारण नव्हतं, ती केसांनी मोठी दिसते. अपूर्वाचे पाय सुजतात, म्हणून मी तिला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. तरी परवा येऊन तिने आमटी केली. तुमच्या घरची आमटी इतकी गोड असते हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं चित्र चांदबीबी महालाचं हवं. तो खरा सलाबतखानाचा मकबरा हे मला ठाऊक आहे, शिकवू नये. वारा सुटलाय आणि बेगमचे केस उडतायत, असं काढा.

दमयंती


अहिल्यानगर, २९ सप्टेंबर २०२५

बन्सी यास,

तुझा मोबाईल लागत नाही म्हणून हे कार्ड घोडेगावच्या पत्त्यावर टाकतोय. परवा तू भेटायला आलास, चहा घेतलास, शाळेतल्या शिपाईगिरीच्या आठवणी काढल्यास. मी जीव मेटाकुटीला आल्यामुळे तुझ्याजवळ एवढंच म्हणालो की हे मांजर मला जगू देत नाही. आंघोळ करून बाहेर येतो तो तू नाहीस आणि मांजरही नाही. शेजारीण म्हणाली, तू पोतं घेऊन टेम्पोत बसलास आणि पोतं ओरडत होतं.

बन्सी, ते मांजर माझं नाही. विहीणबाईंचं आहे. माझी लेक या घडीला त्यांच्या हाताखाली आहे. विहिणीचा राग शेवटी कुणावर निघतो हे मी तुला सांगायला नको. कुठे सोडलंस ते ताबडतोब कळव.

विष्णुपंत


घोडेगाव, ४ ऑक्टोबर

मास्तरांना बन्सीचा रामराम. मी सांगतोय आन् नात पूजा लिवती हाय.

तुमी म्हनलात तरास हाय, म्या तरास उचलला. शाळेत असतानी तुमी माझ्यासाठी लई केलं, म्हनलं येवढं तरी करावं. मांजर पान्यापल्याड सोडलं तरच परत येत न्हाई, नुसतं येशीबाहेर सोडून भागत न्हाई. म्हनून लेकीकडं पुणतांब्याला गेल्तो तवा गोदावरीच्या पल्याड नेऊन सोडलं. पोतं आदी गरागरा फिरवलं, म्हंजे वाट ध्यानात राहू नये. सगळं रीतीपरमानं केलं. पोत्यातून भाईर निगालं तवा कळलं की जनावर थोडं आन् केसच जास्ती हायती.

विहीनबाईचं हुतं तर आदी बोलायचं ना मास्तर. आमी काय विहिनीचं मांजर पोत्यात घातलं असतं व्हय? लेकीला सांगून ठिवलंय, ती हुडकती हाय.


अहिल्यानगर, ८ ऑक्टोबर २०२५

विहीणबाईंच्या सेवेशी नमस्कार.

‘चांदबीबी महालापाशी बेगम’ सोबत पाठवत आहे. आपल्या सूचनेप्रमाणे वारा घातला आहे.

बेगमविषयी काय लिहावं? अतिशय गुणी. मागच्या पत्रात मी उगाच चार शब्द वावगे लिहिले, ते आपण मनावर घेऊ नयेत. नवीन जागा होती, तिला आणि मला एकमेकांची सवय नव्हती. आता तिचा पायरवही ऐकू येत नाही. चित्राला बसवली की हलत नाही. खाण्याचीही काही कटकट नाही, डबा जिथल्या तिथे आहे. असं शांत मांजर माझ्या पाहण्यात नाही.

अपूर्वाची आमटी गोड होते, हा दोष तिच्या आईकडून आलेला आहे. आपण तिला सांभाळून घेता याबद्दल मी आपला ऋणी आहे. तिच्या हातून किंवा तिच्या माहेरच्या कुणाच्या हातून काही चूक झाली, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावी.

आपला
विष्णुपंत


रत्नागिरी, १६ ऑक्टोबर २०२५

व्याहीबुवांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दोनदा वाचलं.

बेगम इतकी शहाणी झालीय तर आता अवघड चित्रं काढायला हरकत नाही. मला ती जांभई देताना हवी. दात, टाळू, जीभ, सगळं स्पष्ट दिसलं पाहिजे. जीभ नेमकी कशी आहे ते तुम्ही रोज जवळून बघताच. आणि मागे समुद्र हवा. मंडळात सगळ्यांच्या मांजरी समुद्राकाठी आहेत, माझीच काय म्हणून दगडमातीत बसवायची? समुद्र तुम्ही मनाने काढा, मांजर मात्र समोर बघूनच काढायची.

शिवाय हे कळवा: मी नाही म्हणून ती उदास असते का? माझं नाव काढलं की कान कसे करते? दिवाळीच्या फटाक्यांना घाबरली तर कुठे लपते?

दमयंती


अहिल्यानगर, २ नोव्हेंबर २०२५

विहीणबाईंच्या सेवेशी नमस्कार.

जांभईचं चित्र पाठवण्यास उशीर झाला, क्षमा असावी. बेगम तत्पर आहे, पण तिला जांभईच येत नाही. फार उत्साही जनावर. शेवटी मी तिच्यासमोर बसून स्वतः जांभया दिल्या, तेव्हा तिने एक दिली. चित्रातली जीभ लांब वाटल्यास तो प्रकाशाचा दोष समजावा.

आपलं नाव काढलं की ती कान टवकारते आणि नैर्ऋत्येकडे तोंड करून बसते. कोकण त्याच दिशेला आहे, हे मी नकाशात बघून घेतलं. फटाक्यांच्या दिवसांत ती कुठे लपली होती हे मला अखेरपर्यंत कळलं नाही, इतकी ती हुशार आहे.

माझा आवाज फोनवर खोल गेल्यासारखा वाटतो, असं अपूर्वा म्हणाली. थंडी पडू लागली आहे, दुसरं काही नाही.

आपला
विष्णुपंत


रत्नागिरी, १० नोव्हेंबर २०२५

व्याहीबुवांस नमस्कार.

तुमचा समुद्र पाहिला. व्याहीबुवा, हे मुळा धरण आहे. पाणी गप्प उभं आहे, लाट एकही नाही आणि काठावर बाभळ. मंडळातल्या कोळीणबाई म्हणाल्या, “ह्या समुद्राला मासा नाही, मोटरपंप लागेल.” मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, आमच्याकडचा समुद्र शिस्तीचा असतो.

जीभ लांब आहे. प्रकाशाचा दोष आहे हे तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

आता शेवटचं चित्र: बेगम होडीत, पाठमोरी, मान वळवून बघतेय. आणि आणखी एक. बाळ आठ-पंधरा दिवसांत होईल. बारसं सव्वा महिना झाल्यावर करायचं ठरवलंय, तोवर डॉक्टरीणबाईंची मांजरीला परवानगी मिळेल. तुम्ही बारशाला याल तेव्हा बेगमला बरोबर घेऊन या. मंडळातल्या सगळ्या बायका तिला बघायला येणार आहेत. मी शब्द देऊन बसलेय.

दमयंती


अहिल्यानगर, ४ डिसेंबर २०२५

विहीणबाई,

नात झाल्याचं कळल्यापासून घरात एकट्यानेच फेऱ्या मारतोय. पेढे वाटले. शेजारणीने विचारलं कुणासारखी आहे, मी म्हटलं अजून पाहिलेली नाही. तरी आपल्यासारखी असेल असं सांगितलं.

आता खरं लिहितो. होडीतलं चित्र मी काढलं नाही. ते काढायला बसलो आणि जमेना. बेगम माझ्याकडे नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून नाही. माझ्या तोंडून वैतागाचा एक शब्द गेला आणि आमचा शाळेतला जुना शिपाई बन्सी याने उपकार म्हणून तिला पोत्यात घालून गोदावरीपार सोडलं. त्याच्याकडे तशी रीत आहे. दोष त्याचा नाही. पहिलं चित्र सोडून बाकी सगळी मी आठवून काढली. शाळेत पोरांना स्मरणचित्राचा पेपर देऊन मी बाहेर चहा पीत असे, तो पेपर म्हातारपणी माझ्याच पुढ्यात आला.

दर आठवड्याला एसटीने पुणतांब्याला जात होतो. पूल ओलांडून वस्त्या-वस्त्यांवर विचारत होतो, पांढरं, केसाळ, रागीट असं काही पाहिलंत का? सोमवारी सापडली. रतनबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या गोठ्यात, कडब्यावर. अंगावर गोचिडी, केसांच्या गाठी, आणि तीन दिवसांची चार पिल्लं. चारही पट्टेदार, करडी, अगदी गल्लीतल्या बोक्याची. पाच पिढ्यांच्या कागदाचं काय झालं, ते त्यावरून समजावं.

मी हात पुढे केला तर तिने ओरबाडलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

रतनबाई म्हणाल्या, “जिची असंल तिची असंल. न्यायची तर न्या, माझं काय जातंय. पर पिलांचे डोळे उघडूस्तवर हात लावायचा न्हाई. बाळंतीन हाय ती.” मी हात जोडून परत आलो.

हे सगळं आधी लिहिलं नाही, कारण माझी लेक तिथे आहे. राग माझा यावा आणि सोसावं तिला लागावं, याची भीती वाटली. आता शिक्षा करायची ती मला करावी, ती मला मान्य आहे. बारशाला येऊ की नको, ते कळवावं.

विष्णुपंत


रत्नागिरी, १३ डिसेंबर २०२५

विष्णुपंत,

बेगम जिवंत आहे हे वाचून आधी देवापुढे साखर ठेवली, मग पुढचं पत्र वाचलं.

ती तुमच्याकडे नाही हे मला ऑक्टोबरातच कळलं होतं. कचेरीत तीस वर्षं लोकांचे अर्ज वाचलेत मी. जो तक्रार करतो त्याचं सगळं जाग्यावर असतं. जो एकाएकी गोड लिहायला लागतो, त्याच्या टेबलाखाली बघावं लागतं. विहिणीच्या मांजरीचं कौतुक करणारा व्याही अजून जन्माला यायचाय. म्हणे पायरवही ऐकू येत नाही. कसा येईल?

त्या दिवशी मी पुष्कळ रडले. अपूर्वा जवळ येऊन बसली, तिलाही सांगितलं. तेव्हापासून तुमची पत्रं आम्ही दोघी मिळून वाचतो. जांभईची शक्कल तिची. नैर्ऋत्येकडे तोंड करून बसते, हे वाचताना ती इतकी हसली की मी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कोळीणबाईंच्या नावावर घातलेलं वाक्यही तिचंच आहे. तुमची लेक तुमच्यासारखी भोळी नाही, याबद्दल देवाचे आभार माना.

एका गोष्टीचा मात्र मला खरोखर राग आलाय. मांजरीपायी मी तुमच्या लेकीला त्रास देईन, असं तुम्हाला वाटलं. दोन महिने वाटत राहिलं. आमटी गोड होते असं मी लिहिलं, तर तुम्ही तिच्या वतीने माफी मागितलीत. विष्णुपंत, ती आमटी मी रोज दोन वाट्या पिते.

बेगमला रतनबाईंकडेच राहू द्या. उन्हाळ्यात नगरला आले की मी स्वतः पुणतांब्याला जाईन आणि तिला विचारीन. यायचं असेल तर येईल, पण पोत्यात घालून नाही.

आता शिक्षेचं. विहीण रुसली की रुसवा काढावा लागतो, हे लग्नात पैठणी देऊन तुम्ही शिकला आहातच. या वेळी पैठणी नको, चित्र हवं. त्यात मांजर नको. समुद्राकाठी बसलेली एक बाई हवी, चष्मा लावलेली, गुडघे दुखणारी. तुम्ही दोन महिने एका न दिसणाऱ्या मांजरीचा कान आठवत बसलात, मिशा आठवत बसलात. मी ती चित्रं बघायची आणि मनात म्हणायची, एवढं लक्ष. हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्याकडे कुणी दोन मिनिटं सलग बघितल्याचं मला आठवत नाही. केदार मोबाईल बघतो, डॉक्टर रिपोर्ट बघतात, आता तर सगळे बाळाकडे बघतात आणि ते बरोबरच आहे.

तेव्हा बारशाला या. रंग घेऊन या. मला समोर बसवून, माझ्याकडे बघून चित्र काढायचं. धरण काढलंत तर परत पाठवीन.

दमयंती


अहिल्यानगर, १९ डिसेंबर २०२५

दमयंतीबाई,

रंग बांधून झाले. कागद मोठा घेतलाय.

बसणाऱ्या माणसाने चित्र होईपर्यंत बोलायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. तो आपल्याला पाळता येईल असं मला वाटत नाही. बसणारा बोलत राहिला की चेहरा हलतो, चित्र लांबतं आणि चितारणाऱ्याचा मुक्काम वाढतो.

मी परतीचं तिकीट काढलेलं नाही. आपण हवं तेवढं बोलावं.

विष्णुपंत